बुधवारच्या बोटीने आलेलं विद्यापीठ

आमच्या आचार्यांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. शिकवायचे ते फिरत, जेवायचे उभ्याने, आणि पत्र लिहायचं झालं तर भिंतीला कार्ड टेकवून लिहायचे. पेजेचा वाडगा हातात घेऊन ते अंगणात येरझाऱ्या घालत आणि मध्येच थांबून समोरच्या माडाला विचारत, "हं, मग यात हेतू कुठला आणि साध्य कुठलं?" त्यांच्या घरमालकिणीने पहिले चार दिवस पाट मांडून पाहिला. पाचव्या दिवशी तो पाट कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून गेला. कारण विचारलं तर आचार्य म्हणायचे, "बसलेल्या वस्तूला सील ठोकणं सोपं जातं."

अंगात बारा महिने खादीचा कोट. वैशाखात रत्नागिरीला घामाने माणूस निथळतो, तरी कोट खुंटीला गेला नाही. त्याच्या एका खिशात विद्यापीठाचा शिक्का, दुसऱ्यात हजेरीपत्रक आणि आतल्या खिशात खडूचे तुकडे. उद्या पोलीस आले तर कोट शोधत बसायला नको, एवढाच त्यामागचा विचार. माझी आई त्यांना पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "या गृहस्थांची गाडी सुटत्येय असंच सारखं वाटतं बघ."

हे विद्यापीठ मूळचं घाटावरचं. सरकारी कॉलेजं सोडून बाहेर पडलेल्या पोरांसाठी काढलेलं, एका जुन्या दुमजली घरात चाललेलं. मी सरकारी कॉलेज सोडून तिथे गेलो तेव्हा आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्याशी तीन महिने बोलणं टाकलं होतं. नाना रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीत कारकून. विद्यापीठात सुरुवातीला पोरं मावत नसत म्हणे. माझ्या वेळेपर्यंत आम्ही अकरा उरलो होतो. आचार्य तर्कशास्त्र शिकवत आणि ऑफिसही बघत. चळवळीने पुन्हा जोर धरला तसा एके सकाळी फौजदार आला, सोबत आठ शिपाई, कुलूप आणि लाख. विद्यापीठ बेकायदेशीर ठरलं होतं. आम्ही आपापल्या वळकट्या घेऊन रस्त्यावर उभे राहिलो.

फौजदाराने दारात उभं राहून हुकूम वाचला. इमारत आणि तिच्या आतली सर्व चीजवस्तू सरकारजमा. आचार्य पुढे झाले.

"फौजदारसाहेब, एक शंका आहे. उंबरठा आत की बाहेर?"

"काय?"

"आत म्हणत असाल, तर तुम्ही आत्ता त्याच्यावर उभे आहात. म्हणजे तुम्हीही आत, आणि आतलं सगळं सरकारजमा. बाहेर म्हणत असाल, तर तो आमचा. आम्ही घेऊन जातो."

फौजदार आधी उंबरठ्यावरून खाली उतरला आणि मग वैतागून म्हणाला, "न्या तो ओंडका आणि तोंड काळं करा." आचार्यांनी शेजाऱ्याची पहार आणली आणि पाच मिनिटांत तो शिसवी उंबरठा उखडला. दाराला खाली वीतभर फट पडली. त्या सीलबंद इमारतीत पुढे पाच वर्षं गल्लीतली कुत्री बिनपरवाना ये-जा करत होती.

हा वेडेपणा आहे असं तेव्हा मलाही वाटलं. पण विद्यापीठाच्या घटनेत एक कलम होतं, आणि घटना लिहिणाऱ्यांत आचार्य होते. पदवी विद्यापीठाच्या वास्तूतच द्यायची. आमच्याकडे पदवीदानाचा रिवाज असा, की आत पदवी घ्यायची आणि उंबरठ्यावरून उजवं पाऊल बाहेर टाकायचं. नवरी माप ओलांडून आत येते, आमचा पदवीधर बाहेर जातो. बाहेर पाऊल पडलं की तो पदवीधर, तोवर नाही. आचार्यांचं म्हणणं, भिंती सरकारने नेल्या असतील, पण वास्तूची सुरुवात उंबरठ्यापासून होते. तो जिथे टेकला ती विद्यापीठाची वास्तू.

मी घरी परतलो. महिन्याभराने एक कार्ड आलं. "विद्यापीठ येत्या बुधवारच्या बोटीने येत आहे. उतरवून घेणे." मी शांतारामला निरोप धाडला. शांताराम माझ्याच वर्गातला, मिरकरवाड्याचा, खारव्यांचा पोर. त्याच्या वस्तीत कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. आम्ही दोघे बंदरावर उभे. आगबोट बाहेर उभी राहिली, उतारू आणायला पडावाच्या होड्या निघाल्या. मला वाटलं, दोनचार प्राध्यापक असतील, पुस्तकांच्या पेट्या असतील. पडावातून एक उंच किडकिडीत माणूस उतरला, खांद्यावर उंबरठा.

"बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे कोण? अकरापैकी पाच जण पाच तुरुंगांत, चौघे चार गावांना. रत्नागिरीला तुम्ही दोघे. बहुमत इथे आहे, म्हणून विद्यापीठ इथे."

रत्नागिरीला याचं नवल नव्हतं. सरकारने नको असलेली माणसं आणून ठेवायची ही नेहमीची जागा. ब्रह्मदेशच्या राजालाही इथेच आणून ठेवलं होतं. पण राजाला बंगला मिळाला. आमच्या विद्यापीठाला नानांनी घराची पायरीसुद्धा चढू दिली नाही. "माझ्या पेन्शनीला दीड वर्ष राहिलंय," एवढंच म्हणाले आणि देवपूजेला बसले. मला त्यांचा राग आला, आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

शेवटी शांतारामच्या आईने पडवी दिली. तिला सगळे चंद्राकाकी म्हणत. नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता. त्यानंतर तिने मासळी विकून एकट्या पोराला शिकवलं आणि खोपटाच्या शेजारी चिऱ्यांचं घर उठवायला घेतलं होतं. भिंती झाल्या होत्या, कौलं यायची होती, दारंखिडक्या नव्हत्या. पडवीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी आचार्यांनी उंबरठा ठेवला, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मास्तर, ह्यो उंबरा कोनच्या घराचा?"

"विद्यापीठाचा."

"आनि तां घर कुटं हाय?"

"सरकारच्या ताब्यात."

"उंबरा हितं नि घर तिकडं? ह्यां बरां न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तिने उंबरठा धुऊन त्याला हळदकुंकू लावायला सुरुवात केली. आचार्य रोज सकाळी ते पुसायचे, कारण हळदीने पाय घसरतो. ती पुन्हा लावायची. दोघांचा हा झगडा जवळजवळ तीन महिने चालला आणि दोघांपैकी कुणीही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

वर्ग एका जागी दोन दिवस झाला तर शपथ. आज वाळत टाकलेल्या बांगडा मासळीच्या रांगांमध्ये, उद्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मचव्यात, परवा कुठल्या तरी आमराईतल्या राखणदाराच्या खोपीत. एकदा तर होडीतून खाडी ओलांडून दोन दिवस पायपीट करत वेळणेश्वराच्या देवळापर्यंत गेलो आणि पाऊण तास शिकून परत निघालो. उंबरठ्याचं एक टोक शांतारामच्या खांद्यावर, एक माझ्या, आणि आचार्य पुढे हात मागे बांधून ताडताड. वाटेत लोक आम्हाला सुतार समजून दार बसवायचे भाव विचारत. जागेवर पोचलं की उंबरठा जमिनीवर ठेवायचा, तो ओलांडून उजव्या पायाने आत यायचं, मग हजेरी. हजेरी अकराही जणांची. तुरुंगातल्या पोराचं नाव आलं की आम्ही सांगायचं, "तुरुंगात," आणि ते हजेरीपत्रकात लिहायचे, "कामावर." दिवस एकही चुकता कामा नये. एक दिवस वर्ग भरला नाही की विद्यापीठ बंद पडलं, सरकार जिंकलं, असा त्यांचा हिशोब.

मला खरं सांगायचं तर या भटकंतीचा वीट आला होता. खांद्याला घट्टे पडले होते. चार दिवस एका सावलीला बसून पुस्तक वाचावं असं फार वाटायचं, पण त्यांच्यासमोर बसायची सोय नव्हती.

आमच्या पाळतीवर एक हवालदार होता. साताऱ्याकडचा, पोट सुटलेला, समुद्राला भिणारा. सुरुवातीला तो लांब उभा राहून वहीत टिपणं घ्यायचा. त्याचा एक रिपोर्ट नानांच्या टेबलावरून गेला, त्यात होतं, "आज सर्व माणसे मर्त्य आहेत असे बोलले. रोख कलेक्टरसाहेबांकडे असावा." ऊन वाढलं तसा तो जवळ सरकत गेला. एकदा त्याने सावलीसाठी आत पाऊल टाकलं तर आचार्य गरजले, "उजवं." तेव्हापासून तोही उजव्या पायाने यायचा. पुढे पुढे तर धूर आणि विस्तवाचं उदाहरण आलं की आमच्याआधी तोच मान हलवायचा.

चैत्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस नाना जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या आचार्यांना म्हणावं, काय उरकायचं ते पंधरवड्यात उरका." मी चमकून पाहिलं, तर ते भातात कढी कालवत होते. आठवड्याने आचार्यांच्या हाती हुकूम पडला. आठ दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द सोडावी, नाहीतर एक वर्षाची सजा. हुकुमाचं अक्षर नानांचं होतं. वेलांट्यांवरून मी ते ओळखलं आणि माझा बराचसा राग तिथे उतरला.

नानांच्या सूचनेमुळे आमची परीक्षा तोवर झालेली होती. पण नियमाने दोन परीक्षक लागत. दुसरे म्हणजे विद्यापीठाचे एक म्हातारे प्राध्यापक, ते दापोलीजवळच्या मुरुडला आपल्या घरी आजारी पडून होते. त्यांची सही घ्यायला आचार्य उत्तरपत्रिका घेऊन निघाले. जायला यायला पाच दिवस. तेवढ्यात शांताराम मोसमातल्या शेवटच्या फेरीला मचव्यावर जाऊन येणार होता. कौलांसाठी घरात काहीतरी यायला हवं होतं. आचार्यांचा बेत साधा होता. आठव्या दिवसापर्यंत शांताराम आला तर पदव्या इथे द्यायच्या. नाही आला, तर उंबरठा उचलून दुपारच्या बोटीने जिल्ह्याबाहेर जायचं आणि आम्हाला मागून तिकडे बोलवायचं. जाताना ते मला म्हणाले, "उंबरठा तुझ्याकडे. रोजचा वर्गही." मी हो म्हणालो.

आता माझी चूक सांगतो. तिसऱ्या दिवशी काकीच्या घरी सुतार आला. चौकट तयार होती, पण तिच्या उंबऱ्याचं लाकूड आदल्या दिवशीच उभं चिरलं होतं. पावसाळा तोंडावर आलेला आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चुकवायचा नव्हता. काकीने पडवीतल्या उंबरठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या लाकडापायी त्यो मानूस वनवन फिरतोय," ती म्हणाली. "एक डाव बसवलां का त्यो पन बसंल. आनि पोर येयाच्या आदी दाराला उंबरा व्हया. सांग, बसवू?"

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण माझा खांदा दुखत होता. मला वाटलं, बसू दे एकदाचं हे विद्यापीठ कुठेतरी. मी म्हणालो, "बसव." सुताराने लांबी मापली, दोन बोटं तासली आणि उंबरठा चौकटीत चपखल बसला. काकीने खाली नारळ पुरला, पूजा केली, आणि या वेळी लावलेलं हळदकुंकू पुसायला कुणी नव्हतं.

आचार्य सहाव्या दिवशी आले. दारासमोर उभे राहिले. माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते. मग त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. काकी दारात आडवी झाली.

"मास्तर, बसलेला उंबरा उपटत न्हाईत. घरचा मानूस दर्यावर आसला तर त्याला दार गावत न्हाय. माजा पोर दर्यात हाय."

"काकी, याला काही पुरावा नाही."

"पुरावा गावंल तवा पोर गावायचा न्हाय. एक डाव बगितलांय मी."

सरकारच्या इमारतीतून जो उंबरठा पाच मिनिटांत काढला, त्याच्यासमोर आचार्य हातात पहार घेऊन कितीतरी वेळ उभे होते. त्यांच्याजवळ या बाईला खोटं पाडायला लागणारं सगळं तर्कशास्त्र होतं. त्यांनी पहार भिंतीला लावून ठेवली. नंतर अंधार पडेपर्यंत ते किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि मी लांबून बघत होतो. जवळ जायची माझी छाती झाली नाही.

आता गोष्ट सरळ होती. उंबरठा हलणार नाही, म्हणजे विद्यापीठाची वास्तू हीच. शांतारामला पदवी मिळायची तर इथेच, आणि एकदा हद्दपार झाल्यावर आचार्यांना इथे येता येणार नाही. सातवा दिवस गेला, मचवा आला नाही. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही पदवीपत्रांवर शिक्का मारला. मी चाचरत म्हणालो, "माझ्यामुळे झालं." ते म्हणाले, "तुझ्यामुळेच झालं. पण आता आत ये आणि उभा राहा. एकट्याला पदवी देणार नाही."

हवालदार आला. "आचार्य, चला. बोट येईल आता."

तेव्हा आचार्य उंबरठ्यावर बसले.

दारात, चौकटीला पाठ लावून, कोटासकट, पाय लांब सोडून. उंबरठ्यावर कुणी नुसता टेकला तरी काकी घर डोक्यावर घेई. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांना बघितलं, तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि आत गेली.

"आचार्य, उठा. वरून हुकूम हाय," हवालदार म्हणाला.

"हवालदार, तुम्ही वर्गात होतात. सांगा, उंबरठ्यावरचा माणूस आत की बाहेर?"

हवालदाराने टोपी काढली. डोकं पुसलं. समुद्राकडे पाहिलं, तिकडे बोटीचा धूर दिसायला लागला होता. मग माडाच्या बुंध्याशी जाऊन तो खाली बसला आणि म्हणाला, "मला इचार कराया येळ लागंल."

बोट आली. पडाव गेले, आले. भोंगा झाला. आचार्यांनी डोळे मिटले होते, पण झोपले नव्हते. बोटं हजेरीपत्रकावर चाळवत होती. बोट निघून गेली आणि त्याबरोबर त्यांची एक वर्षाची सजा पक्की झाली. आचार्य, हवालदार आणि मी, तिघेही ते समजून होतो. माझ्या मनात सारखं येत होतं, की एवढं करूनही मचवा आलाच नाही तर. काकी आत चुलीपाशी होती, पण चूल पेटलेली नव्हती.

उन्हं कलल्यावर मिरकरवाड्याच्या तोंडाशी शीड दिसलं. आचार्य उठले, काकी पळत गेली. शांताराम गुडघाभर पाण्यातून आला तो तसाच खाऱ्या कपड्यांनी आत उभा राहिला. आचार्यांनी कोट झटकला, हजेरी घेतली. अकराही नावं. मग एकेकाच्या हातात पदवी दिली. आधी शांतारामने, मग मी, उजवं पाऊल उंबरठ्याबाहेर टाकलं. बाहेर काकी उभी होती, रडत होती. तिला पदवीचं काही कळत नव्हतं. ती पोर आला म्हणून रडत होती.

हवालदार उठला, टोपी घातली. "झाला इचार," तो म्हणाला. "बाहेर."

"बरोबर," आचार्य म्हणाले आणि त्याच्याबरोबर निघाले. काकीने मागून हाक मारली, "मास्तर, पोर आला. आता काडा तुमचा उंबरा, मी आडवीत न्हाय." ते वळले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "परत येईन तेव्हा काढू."

ते परत आले नाहीत. वर्षाने सुटले, पण जिल्हा बंदच होता. दर दोनचार महिन्यांनी कार्ड यायचं, प्रत्येक कार्ड वेगळ्या गावाचं. कुठे सुतारांच्या पोरांना शिकवत होते, कुठे गिरणीवाल्यांना. पाच वर्षांनी निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, हद्दपारी उठली, विद्यापीठाच्या इमारतीचं सील निघालं. तिथल्या मंडळींनी मला लिहिलं, उंबरठा घेऊन या, समारंभ करू. मी आचार्यांना कळवलं, आता या, आपण तो मिळून काढू. त्यांचं उत्तर आलं.

ते कार्ड घेऊन मी मिरकरवाड्याला गेलो. शांताराम तोवर एका शाळेत मास्तर झाला होता. समुद्रावर जाणं त्याने कधीच सोडलं होतं. काकी ओटीवर फाटलेलं जाळं तुणत बसली होती. मी दारात उभं राहून मोठ्याने वाचलं.

"उंबरठा राहू दे. घरचं माणूस दर्यावर आहे."

शांताराम हसला. "आचार्यांना कुणी सांगितलंन नाही वाटतं? मी गेली चार वर्षं फळ्यापुढे उभा आहे. आता आमच्यातलं दर्यावर कोण आहे?"

काकीने जाळं खाली ठेवलं. माझ्या हातातलं कार्ड घेतलं, अक्षरांवरून हात फिरवला.

"त्ये सोता न्हाईत काय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हाताने खूण केली. "दारातना बाजूला व्हस. वाट आडवू नको."

मी बाजूला झालो.